माझं पोट कापलं आणि आई जेवेना

स्कूटरवर झोप लागू शकते, यावर माझा विश्वास नव्हता. ती लागली जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, पवईच्या अलीकडच्या सिग्नलला. दोन्ही पाय जमिनीला टेकवलेले, ब्रेक दाबलेला, आणि हेल्मेटच्या आत मी निवांत घोरतोय. सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न दाबून धरले. मागे बसलेल्या बायकोला वाटलं, मी कोणावर तरी खुन्नस काढून मुद्दाम गाडी अडवून धरलीय. तिने पाठीत बुक्की घातली तसा मी दचकून जागा झालो आणि म्हणालो, "वाढ अजून थोडं."

हे वाक्य तिने पुढे आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत पोचवलं. अजूनही कोणाच्या लग्नाला गेलो की पंगतीत कोणीतरी म्हणतंच, "ह्यांना वाढा रे अजून थोडं, सिग्नल सुटलाय."

तेव्हा माझं वजन एकशे अडतीस होतं. घरच्या काट्याने एकशे तीसच्या पुढे मला ओळख दाखवणं सोडलं होतं. मुलुंडच्या एका छातीच्या डॉक्टरांनी मला एक रात्र वायरी लावून झोपवलं आणि सकाळी कागद बघत म्हणाले, "झोपेत तुम्ही मधूनमधून श्वास घ्यायचं थांबवता." मी म्हणालो, "जेवतानाही थांबवतो, डॉक्टर. वेळ वाचतो." ते हसले नाहीत. त्यांनी सर्जनकडे चिठ्ठी दिली.

सर्जनही मुलुंडचाच, बोलायला गोड माणूस. त्याने कागदावर पोटाचं चित्र काढलं, मग त्यातला मोठा भाग पेनाने खोडून टाकला. "हे सगळं काढायचं. उरेल ते केळ्याएवढं."

"कुठलं केळं? साधं की वेलची?" मी विचारलं.

तो थोडा विचारात पडला. "वेलचीच्या जवळचं."

तेव्हा कुठे मला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

पण खरं सांगायचं तर भूल, टाके, रक्त यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात होती आई.

आमची आई मालवणकडची. बाबा परळच्या गिरणीत होते. गिरणी गेली, मग खोली गेली आणि आम्ही नाहूरला स्टेशनपासून चालत येण्यासारख्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर येऊन टेकलो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आईचं दिवसाचं खाणं म्हणजे चहा आणि बटर. बटर म्हणजे बेकरीतलं, चहात बुडवायचं, कडक. तिचं खरं जेवण एकच, रात्रीचं, आणि ते माझ्याबरोबर. माझं ताट वाढायचं, समोर बसायचं, मी पहिला घास घेतला की माझ्या तोंडाकडे बघायचं. माझं तोंड खूश दिसलं की मग आपलं ताट ओढायचं. एकदा ऑफिसच्या कामाने मी दोन दिवस पुण्याला गेलो होतो. बायको फोनवर म्हणाली, "तुझ्या आईने काल रात्री पण बटरच खाल्लं रे. विचारलं तर म्हणतात, एकटीक काय करूचा." आम्ही दोघं हसलो होतो. तेव्हा ते हसण्यासारखं होतं.

आता सर्जन सांगत होता, ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ. नंतर दोन आठवडे पुन्हा पातळ. मग वाटलेलं, मग मऊ. मी मनात हिशेब करत होतो तो आईच्या जेवणाचा. घरी येताना बायकोला म्हणालो तर ती म्हणाली, "आधी तू श्वास घे ना नीट. जिवंत राहिलास तर त्यांचं बघता येईल."

आईला सांगितलं तेव्हा ती कोलंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्या जेवणान तुझा काय वायट केल्यान?"

"आई, जेवणाचं नाही गं. श्वासाचं आहे."

"मगे नाक काप. पोट कित्याक कापतंस?"



बाकी जगाला आम्ही हर्निया सांगायचं ठरवलं. हर्निया हा सभ्य आजार. त्यात माणसाची चूक नसते, कोणी उपदेश करत नाही, आणि नक्की कुठे असतो हे कोणी खोदून विचारत नाही. बिल्डिंगला हर्निया, अंधेरीच्या ऑफिसला हर्निया, भांडुपच्या नातेवाइकांना हर्निया. आईनेही मान डोलावली.

पातळ खाणं सुरू झालं. सकाळी पावडरीचा शेक, दुपारी डाळीचं पाणी, संध्याकाळी भाज्यांचं गाळलेलं सूप. भूक लागायची ती सोसता येत होती. सोसवत नव्हती ती संध्याकाळ. ऑफिसातून आलो की साडेसातच्या सुमाराला पाय आपोआप वळवळायला लागायचे. घरात बसवेना. टीव्ही बघवेना. सूप मी गॅलरीत उभ्याने प्यायचो, कारण स्वयंपाकघरात गेलो की हात झाकणांकडे जायचे. मग खाली उतरायचं आणि चालत सुटायचं. नाहूरवरून मुलुंडच्या दिशेने, कधी उलट भांडुपकडे. प्रत्येक बिल्डिंगच्या खाली उभं राहिलं की वास सांगायचा वर काय चाललंय ते. इथे सुकटीची चटणी, तिथे कोणीतरी कांदा जाळलाय, पुढे एका घरी बिर्याणी आणि तीही विकतची. एकदा मासळी बाजारात नुसता बघायला गेलो. नेहमीची मासेवाली म्हणाली, "शेठ, हात लावून बघा, आज सुरमई झकास हाय." मी हात लावला. बराच वेळ लावला. शेवटी तिनेच विचारलं, "घेनार हाय का तिच्याशी लगीन लावनार हाय?"

मी असा गावभर फिरत होतो, त्यामुळे घरी आईच्या ताटात काय पडतंय याकडे माझं लक्षच नव्हतं. ते मला कळलं, पण ज्या रीतीने कळलं ती फक्त आमच्याकडेच शक्य आहे.

कुठलंही मोठं काम निघालं की आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला थोरला माणूस देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो आणि जे असेल ते मोठ्याने सांगतो. देवाशी आडपडदा नाही. आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं, म्हणजे अर्जावर सगळ्यांची सही झाल्यासारखं. आईने यासाठी भांडुपहून मामाला बोलावलं. मामा गिरणीतून निवृत्त, पण आवाज अजून पहिल्या पाळीचा. मी आईला बाजूला घेऊन म्हणालो, "मामाला हर्नियाच सांगितलंस ना?" आई म्हणाली, "देवाक खोटा सांगूचा?"

रविवारची सकाळ. प्रसादाच्या शिऱ्याचा वास जिन्यात गेला आणि बिल्डिंगमधली माणसं देवदर्शनाला आली. हॉल भरला, दार उघडं, उरलेली मंडळी बाहेर चपलांत उभी. मामाने टोपी सारखी केली आणि सुरू झाला.

"बा देवा महाराजा! ह्या लेकराचा पोट भारी वाढला, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. अगदी मनापासून.

"तेका निजेत श्वास गावत नाय. स्कुटरार निजता!"

"व्हय महाराजा!"

"म्हणान मुलुंडचो डाक्तर तेचा अर्ध्याहून जास्त पोट कापून काढतलो. ता येवस्थित कापूंदे, आणि उरला ता सुखान नांदांदे!"

व्हय महाराजा. माझ्या शेजारी उभे होते समोरच्या फ्लॅटमधले काका. त्यांनी माझ्याकडे बघून बारीक आवाजात विचारलं, "हर्निया ना रे?" मी देवाकडे बघत राहिलो.

वाटलं, एवढ्यावर संपलं. पण मामाला लय सापडली होती.

"आणि महाराजा, हेची आवस, माझी भयण, झील जेवना म्हणान ती पण जेवना. रातीचो भात लावणा नाय. चाय-बटरार दीस काढता. बांगड्यो हाताच्यो कोपरापर्यंत गेल्यो. तिका वायच अक्कल दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" हे सगळ्यात मोठ्याने आलं. जिन्यातूनसुद्धा.

मी वळून आईच्या हातांकडे बघितलं. ती शिऱ्याच्या पातेल्याशी उभी होती. बांगड्या खरंच मनगटाशी नव्हत्या. बायकोने माझ्याकडे 'मी सांगितलं नव्हतं का' अशा नजरेने बघितलं. आणि तिने खरंच सांगितलं होतं, मी तेव्हा चालायला निघालो होतो.

त्या दिवशी आईशी बोललो. म्हणजे भांडलो.

"तू जेवत का नाहीस?"

"जेवतंय मी."

"काय जेवतेस?"

"तुका कित्याक? तू उभ्यान पाणी पितंस, तुझा बघ."

ऑपरेशन झालं. त्यात सांगण्यासारखं फार नाही, कारण मी तिथे असूनही नव्हतो. हॉस्पिटलचा गाऊन मला मागून बंद होईना म्हणून दोन गाऊन घातले, एक पुढून आणि एक मागून. स्ट्रेचरवर बायको म्हणाली, "पोस्टाचं पार्सल दिसतोयस." जाग आली तर पोट ठीक, आणि दुखत होता उजवा खांदा. मी घाबरून नर्सला म्हणालो, "भलतंच काहीतरी कापलंय." ती म्हणाली, "काका, पोटात गॅस भरतात ना ऑपरेशनला, तो तिकडे टोचतो. चाला म्हणजे जाईल." चाला. हे बरं होतं, चालण्यात मी तरबेज झालो होतो. सलाईनचा दांडा ढकलत कॉरिडॉरमध्ये मी इतक्या चकरा मारल्या की दुसऱ्या दिवशी एका पेशंटच्या नातेवाइकाने मला एक्स-रे विभाग कुठे आहे ते विचारलं आणि मी बरोबर सांगितलं.

पाणी मिळायचं ते खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढ्या कपातून. एक घोट, मग थांबा. पुन्हा एक घोट. आई भेटायला आली ती स्टीलचा डबा घेऊन. त्यात पेज. आमच्याकडे माणूस आजारी पडला की पेज येते, त्याला कोणी विचारत नाही. नर्स म्हणाली, "आजी, अजून नाही चालत." आईने डबा परत पिशवीत घातला नाही. मांडीवर ठेवून बसली. मी म्हणालो, "तूच पी ती." ती म्हणाली, "मी खावन इलंय." मी तिच्या तोंडाकडे बघितलं. खोटं बोलताना ती पदराने चष्मा पुसते. चष्मा पुसत होती.

घरी आल्यावर एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती ती कळली. भूक गेली होती. खरोखर गेली होती. पोट नावाचं प्रकरण बोलायचंच बंद झालं होतं. पण संध्याकाळ गेली नव्हती. साडेसात वाजले की ती दारात हजर. एवढी वर्षं संध्याकाळी मी काय करायचो? जेवायचो. जेवणाच्या आधी जेवणाची वाट बघायचो, जेवणानंतर जेवणाबद्दल बोलायचो. ते सगळं काढून घेतल्यावर हातात एवढा मोठा मोकळा वेळ आला की त्याचं काय करायचं तेच समजेना. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. टाके ओढायचे, तरी थांबवेना. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा वर येऊन म्हणाल्या, "भाऊ, बरं वाटतंय ना? नाही, खाली पंखा हलतोय आमचा."

आणि मी अशा चकरा मारत असताना आई स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली असायची. तिच्या बाजूला ताट पालथं. बायको म्हणायची, "आई, मी आहे ना, माझ्याबरोबर बसा." आई म्हणायची, "तू जेव गो, मी मगे घेतंय." मगे कधी यायचंच नाही. मासे आणणं बंद झालं होतं. "कोणासाठी हाडूचे?" घरात डाळभात शिजायचा, तोही बायको शिजवायची.

मी नाटक करून बघितलं. ताटात आमटीभात घेऊन समोर बसलो, घास तोंडाशी नेला, चावल्यासारखं केलं, म्हटलं, "वा." आईने माझ्याकडे बघितलं.

"तोंड हलता, गळो हलत नाय," ती म्हणाली आणि उठून गेली.

मग एका दुपारी ती गॅसपाशी उभी असताना भोवळ येऊन खालीच बसली. पडली नाही, ओट्याला धरून बसली. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन प्रेशर बघितलं, डोळ्यांची पापणी ओढून बघितली, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "ह्या वयात असं खाणं सोडलं तर फार दिवस निघत नाहीत. दोनचार दिवसांत जेवल्या नाहीत तर सलाईनला टाकावं लागेल." माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "घरात एकाने सोडलं तर ठीक होतं."

आता माझी अक्कल कामाला लागली. ज्या ज्या वेळी ती कामाला लागलीय त्या त्या वेळी कोणाला तरी रिक्षा करावी लागलीय, पण हे मला तेव्हा आठवलं नाही.

नुकताच मी वाटलेल्या खाण्याच्या टप्प्यात आलो होतो. हॉस्पिटलच्या डायटिशियनने सांगितलं होतं, "सर, आता मिक्सरमधून काढलेलं काहीही मऊ चालेल." पोरगी बिचारी दुधीभोपळ्याबद्दल बोलत होती, मऊ खिचडीबद्दल, शिजवलेल्या डाळीबद्दल. मी मात्र 'मिक्सर' आणि 'काहीही' एवढंच ऐकलं. मालवणी माणसाला काहीही म्हटलं की डोळ्यांसमोर दुधीभोपळा येत नाही.

आईला म्हणालो, "डॉक्टरने परवानगी दिलीय. बांगड्याचं तिखलं कर."

"खरा?"

"खरा. मिक्सरमधून काढायचं फक्त."

ती उठली. इतक्या दिवसांत तिला असं उठताना बघितलं नव्हतं. बायको ऑफिसातून यायच्या आत बांगडे घरात होते, मिरची वाटली जात होती, तिरफळं ठेचली जात होती. सगळ्या घराला जुना वास आला. मी चकरा मारायचा थांबलो. दोन बांगडे, थोडा भात आणि तिखल्याचा रस्सा, काटे निवडले असं समजून, मी मिक्सरमध्ये घातले आणि झाकण दाबून धरलं. जे निघालं त्याचा रंग ओल्या विटेसारखा होता. ते मी वाटीत घेतलं आणि राजासारखा जाऊन बसलो.

"चल. दोघं जेवूया."

आई बसली. मी एक चमचा घेतला. तिखट, तिरफळ, बांगडा. जीभ अक्षरशः रडायला लागली. दुसरा घेतला. आईने ताट सरळ केलं. भात घेतला, तिखलं घेतलं, बांगड्याचा तुकडा मोडला, आणि पहिला घास तोंडात घातला. गिळला. मी बघितलं तिने तो गिळला. एवढ्या दिवसांनी. आनंदाच्या भरात मी तिसरा चमचा घेतला आणि त्याच्यावर चौथा.

चौथ्याला छातीत दगड बसला. तो खाली जाईना, वर येईना. तोंडात फेसासारखी लाळ यायला लागली, थांबेना. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. घाम फुटला. बायको तेवढ्यात दारात आली आणि पर्स खांद्यावरून न काढताच तिने ताटाकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय खाल्लंस रे? अरे काय खाल्लंस?"

मला बोलता येईना. आई म्हणाली, "बांगडो."

रिक्षात मी मध्ये, एका बाजूला बायको, एका बाजूला आई. आईला नको म्हटलं होतं, तिने ऐकलं नाही. तिने हातही धुतला नव्हता. उजव्या हाताची बोटं भाताने चिकटलेली, तशीच मुठीत धरून बसली होती. बायकोने डायटिशियनला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सर, बांगडा कोणी सांगितला तुम्हाला?"

मी फेस पुसत कसाबसा म्हणालो, "मिक्सर... तुम्हीच..."

"सर, मिक्सर सांगितला! मासा नाही सांगितला! तिखट तर नाहीच नाही!"

रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "बांगडा होता क्या साब? तिखट में? अरे यार."

हॉस्पिटलमध्ये नाडी बघितली, रक्त घेतलं, पांढरं औषध घोटघोट प्यायला लावून एक्स-रे काढला. सर्जन ठरलेल्या वेळी घरी गेला होता, तो परत आला. तो एक्स-रे उजेडात धरून बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे. शिवण उसवलेली नव्हती. घास नुसता अडकला होता, एव्हाना सरकला होता. सर्जन म्हणाला, "शिवण सुटली असती तर..." आणि एक्स-रे पाकिटात घातला. बाहेर जाताना दारात थांबला. "बांगडा चांगला होता का?" मी मान हलवली. "तोच तर प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला.

कॉरिडॉरमध्ये बाकावर आई बसली होती. मी व्हीलचेअरवर, बायको पाठीमागे. मी आईला काहीतरी बोलणार तेवढ्यात तीच बोलली, आणि आमच्या आईला हळू बोलणं माहीतच नाही.

"माका जेवूक घालूक व्हया म्हणान तू मरूक बसलंस? मी काय कुकुला बाळ? माझा पोट माझा असा, तुझा तुझा. मी जेवतलंय. माझा मी जेवतलंय. तू परत असो घास घेतलंस तर तुझ्या तोंडार..." इथे तिने हात वर केला, तेव्हा मुठीतला वाळलेला भात खाली पडला. तिने तो वाकून उचलला. शेजारी बसलेल्या बाईने तिला कचऱ्याचा डबा दाखवला. आईने तो डब्यात टाकला नाही, पदराच्या टोकात बांधला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. आई दुसऱ्या दिवशी 'आपली आपण' जेवायला बसली, दोन घास घेतले, भाताकडे जरा वेळ बघत राहिली आणि ताट सारलं. तिसऱ्या दिवशीही तेच. बोलली तसं करायची तिची इच्छा होती, पण घास घशाखाली उतरत नव्हता. मीही तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होतो.

मग मऊ खाण्याचा टप्पा आला. मला पुन्हा त्या डायटिशियन पोरीचा फोन आला. या वेळी तिने मला प्रत्येक शब्द परत म्हणायला लावला. घास छोटा. तोंडात पूर्ण पातळ होईपर्यंत चावायचा. दोन घासांच्या मध्ये चमचा खाली. वाटीभर खायला अर्धा तास. आणि बसून. "उभ्याने नाही, चालताना नाही, सर. कळलं? बसून."

अर्धा तास बसून! मी आयुष्यभर एका दमात जेवून उठणारा माणूस. ताट संपवायचं, बोट चाटायचं, उठायचं. आई नेहमी माझ्यानंतर एकटी मागे राहून जेवायची, हे मला आज लिहिताना कळतंय. तेव्हा वाटायचं, आम्ही बरोबर जेवतो.

बसलो. वाटीत मऊ भात आणि पापलेटचा एक तुकडा, हळद-मिठात नुसता उकडलेला. एक घास घेतला. चावला. चावत राहिलो. पापलेट कधीच संपलं होतं, मी आता पाणी चावत होतो. टेबलाखाली माझा पाय थरथरायला लागला. तो माझ्या आज्ञेत नव्हता. उठून खिडकीपर्यंत जावं, दारापर्यंत जावं, निदान फोन बघावा. आई समोर बसली होती, कारण कोणी एकटा जेवत असेल तर ती उठून जाऊ शकत नाही. तिचं ताट समोर होतं, त्यात नेहमीचे दोन घास भात, वाटीत रस्सा आणि कडेला पापलेटचं डोकं.

बराच वेळ गेला. मी तिसऱ्या घासाला आलो होतो.

"अजून चावतंस?"

मी मान हलवली.

"गिळ मगे."

"सांगितलंय. पातळ होईपर्यंत."

ती हाताने ताटाच्या कडेला काहीतरी रेघा ओढायला लागली. मोकळं बसायची तिला सवय नाही. जरा वेळाने तिने एक घास खाल्ला. "भात थंड झालो काय बघतंय," ती म्हणाली. मी चावत राहिलो; तोंडात घास होता, नियम होता. मग तिने रस्सा घेतला. मग खालच्या वहिनींच्या सुनेबद्दल बोलायला लागली, की ती म्हणे कोकमाऐवजी लिंबू पिळते. त्या विषयावर तिला फार बोलायचं होतं. बोलताना ती तावातावाने खात होती. दोन घास संपले. ती उठली, मला वाटलं आता हात धुणार. तर भाताचं पातेलं घेऊन आली.

स्वयंपाकघरात बायको उभी होती. तिने मला खूण केली: उठू नकोस.

माझी वाटी संपली होती. मी रिकामा चमचा तोंडात घातला आणि चावायला लागलो.

आईने पापलेटचं डोकं उचललं, चोखलं, काटे काढून ताटाच्या कडेला मांडले. टेबल हलत होतं. माझ्या पायामुळे भांडी एकमेकांवर वाजत होती.

"पाय हलव नको," ती म्हणाली. "आणि खंय चाललंस? बस. माझा अजून जेवण असा."